कोरडा तास, ओला तास

आमच्या घरात दोन गोष्टी माझ्या जन्मापासून जागच्या हललेल्या नाहीत. एक जिन्याखालची मोडकी सायकल आणि दुसरी बाबांची फी.

बाकी सगळं वाढलं. मी वाढले, माझ्या बुटांचा नंबर वाढला, घराचं भाडं वाढलं. पेट्रोल तर असं वाढलं की आमच्या वर्गातल्या पहिल्या नंबरवाल्या मुलीने त्याच्याकडे शिकवणी लावावी. दर आठवड्याला थोडं थोडं, न चुकता, कुणी शाबासकी दिली नाही तरी. बाबांचं उत्पन्न मात्र शेवटच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघत राहिलं.

बाबांचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. स्कूल म्हणजे बाबा आणि एक गाडी. गाडी जुनी, छोटी, स्टिअरिंग जड. बाबांच्या बाजूलाही एक ब्रेक आणि एक क्लच बसवलेला, म्हणजे शिकणारा घाबरला की बाबांनी गाडी थांबवायची. दोन्ही दारांवर ठळक अक्षरांत लिहिलेलं आहे, ‘गाडी शिका, पास व्हा’. त्याखाली फीचा आकडा. आणि त्याच्याही खाली, ‘ही फी कधीही वाढणार नाही’.

या शेवटच्या ओळीची गंमत अशी. मी जन्मले त्याच दिवशी गाडी रंगवून होत आली होती. रंगाऱ्याने विचारलं, दारावर वीतभर जागा उरलीय, काय लिहू? बाबा दवाखान्यातून नुकतेच आले होते, आनंदात होते, जगातली सगळी माणसं त्यांना त्या दिवशी चांगली वाटत होती. ते म्हणाले, लिही, फी कधीही वाढणार नाही. रंगाऱ्याने लिहिलं आणि वर त्याचे पैसेही घेतले नाहीत.

दारावर वीतभर जागा उरली म्हणून आम्ही गोत्यात आलो, ते असं.

आई कितीदा म्हणाली, पुसून टाका, थिनर मी आणते. बाबा म्हणायचे, दिलेला शब्द आहे. आई म्हणायची, शब्द रंगाऱ्याने दिलाय. आई चष्म्याच्या दुकानात काम करते, दिवसभर लोकांच्या नाकांवर फ्रेमी बसवून बघते, त्यामुळे नाकासमोरचं तिला चटकन दिसतं. बाबांना लांबचं दिसतं. रस्त्यावर तरी.

या वर्षी पेट्रोल इतकं चढलं की एका माणसाला गाडी शिकवायला जेवढं जळायचं, त्याचे पैसे त्या माणसाच्या फीपेक्षा जास्त व्हायला लागले. म्हणजे जितके जास्त विद्यार्थी, तितका जास्त तोटा. त्यावर उपाय देवानेच केला, विद्यार्थीच यायचे बंद झाले. पेट्रोल परवडत नाही तर गाडी शिकून करायचं काय? लोक बसच्या रांगेत उभे राहून आमच्या गाडीकडे अशा नजरेने बघायचे, जशी आपण म्युझियममधल्या पालखीकडे बघतो.

तेव्हा मामा आला.

मामाचं गाद्यांचं गोदाम आहे. तो आला की पहिल्यांदा सोफ्यावर बसून दोनदा उसळून बघतो आणि स्प्रिंग गेली म्हणतो. त्या दिवशी स्प्रिंगचा विषय त्याने काढला नाही, तेव्हाच मला शंका आली. त्याने बाबांना सांगितलं की गोदामात हिशेबाला माणूस हवाय. टेबल आहे, पंखा आहे, महिन्याच्या महिन्याला पगार आहे. आणि गाडी तो विकत घेईल, मागची सीट काढून उशा पोचवायला.

“भाऊजी, ते जास्तीचे ब्रेक मी काढून टाकीन,” तो म्हणाला. “उशांना काय करायचेत?”

बाबा हसले नाहीत. नाही पण म्हणाले नाहीत. ते उठून बाल्कनीत गेले आणि खाली उभ्या असलेल्या गाडीकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला कळलं की ते हो म्हणणार आहेत. बाबांना टेबलाशी बसलेलं मी कधी बघितलंच नव्हतं. जेवतानाही ते डावा पाय जमिनीवर दाबून ठेवतात, क्लचवर ठेवल्यासारखा. असा माणूस पंख्याखाली बसून उशा मोजणार, हे मला काही केल्या चालणार नव्हतं.

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मागच्या वर्षापर्यंत मी इतकी गप्प असायचे की वर्गात असूनसुद्धा माझी गैरहजेरी लागायची. मग यंदा खेळांच्या दिवशी माईक बंद पडला. शर्यतीत कोण पुढे आहे ते ओरडून सांगायला मोठ्या बाईंनी जी मुलगी सगळ्यात जवळ होती तिला उभं केलं, आणि ती मी होते. मी तोंड उघडलं आणि पलीकडच्या इमारतीतले लोक बाल्कनीत आले. माझा मलाच पत्ता नव्हता की आत एवढं काही भरून ठेवलंय. त्या दिवसापासून मी थांबलेली नाही. मामा मला भोंगा म्हणतो. म्हणू दे.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. उंचीने खरं तर लहान आहेत, पण त्या मैदानात आल्या की मैदान आपोआप रांगेत उभं राहतं. मामा येऊन गेला त्याच आठवड्यात एका संध्याकाळी आमच्या दाराची बेल वाजली, मी दार उघडलं, आणि समोर मोठ्या बाई. शाळेबाहेर बाई दिसल्या की आमच्या शाळेतली मुलं झाडामागे जातात. आमच्या घरात झाड नव्हतं. मी पाणी आणलं.

बाईंची बहीण परदेशी जाताना आपली गाडी बाईंच्या दारात ठेवून गेली होती. ती गाडी रोज सकाळी आपल्याकडे बघते, असं बाई म्हणाल्या, आणि आता ते सहन होत नाही. त्यांना गाडी शिकायची होती. पेट्रोल महाग आहे हे त्यांना ठाऊक होतं. त्यांचं म्हणणं, महाग आहे म्हणून रस्ते रिकामे आहेत, माझ्यासारखीने शिकायची हीच वेळ. शिवाय त्यांच्या स्टाफरूममधले सगळे शिक्षक काठावर बसून होते. कोपऱ्यावरून सायकल वळली तरी बाई डोळे मिटतात, हे सगळ्यांना माहीत. बाईंना जमलं तर आपल्याला जमेलच, असं ठरवून ते बाईंच्या निकालाची वाट बघणार होते.

मामाला हे कळल्यावर तो दिलदार झाला. म्हणाला, ठीक आहे, बाई पास झाल्या तर गाडी तुमची. नापास झाल्या तर टेस्टच्या मैदानावरूनच मी ती घेऊन जातो. बाबांनी त्याच्या हातात हात दिला. आईने कपाळाला हात लावला. आता आमच्या घराचा सगळा भार एका अशा बाईंवर होता, ज्यांना झेब्रा क्रॉसिंग ओलांडायलाही कुणाचा तरी दंड धरावा लागायचा.

पहिल्या दिवशी बाईंनी गाडी चौदा वेळा बंद पाडली असेल, की चाळीस, मी मोजायचं सोडून दिलं. दर वेळी बाबाच वाकून ती पुन्हा सुरू करायचे. बंद पडलेल्या छापखान्याच्या मागे एक मोठं आवार आहे, थोडं उताराचं. तिथला वॉचमन बाबांना ओळखतो म्हणून तिथे शिकवणी चालते. गाडी त्या आवाराच्या गेटपर्यंतही गेली नाही. पेट्रोलचा काटा मात्र बराच लांबचा प्रवास करून आला. घरी येताना बाबा काट्याकडे बघत होते आणि मी बाबांकडे.

जेवताना मी बोलले. मी म्हटलं, आरशात बघायला पेट्रोल लागत नाही. क्लच दाबायला लागत नाही, गिअर टाकायला लागत नाही. घाबरायला तर मुळीच लागत नाही, आणि बाईंचा सगळा वेळ घाबरण्यातच जातो. मग त्यांनी आधी बंद गाडीत घाबरून घ्यावं. उरलेलं चालू गाडीत शिकावं.

बाबांचा घास हातातच राहिला. आई म्हणाली, “अहो, हिच्या नाकावर चष्मा नसून हिला कसं दिसलं हे?”

अशा रीतीने आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये दोन प्रकारचे तास सुरू झाले. गाडी बंद तो कोरडा तास आणि गाडी चालू तो ओला तास. कोरडे पुष्कळ, ओले मोजके.

कोरड्या तासाला गाडीची किल्ली माझ्या कंपासपेटीत राहायची. कारण बाबांचा हात. गाडीत बसले की तो हात त्यांना न विचारता किल्लीकडे जातो. म्हणून नियम केला, इंजिन बंद झालं की किल्ली माझ्याकडे. ओल्या तासाला मी ती बाबांना द्यायची आणि बाबांनी स्वतः वाकून गाडी सुरू करायची. शिकणाऱ्याच्या हाती किल्ली दिली की तो चालू गाडी पुन्हा चालू करतो, खर्रर्र आवाज येतो आणि पेट्रोलही जातं नि गाडीचे दातही. तेव्हा किल्लीला बाईंनी हात लावायचाच नाही, असं ठरलं.

आणि कोरड्या तासाचं इंजिन मी.

म्हणजे मी मागच्या सीटवर बसून आवाज काढायचा. पहिल्या गिअरला जाडसर घर्रर्र, दुसऱ्याला जरा सुटा, तिसऱ्याला घुंऽऽ असा लांब. बाईंनी क्लच न दाबता गिअर ओढला की मी कर्र्कन किंचाळायची. क्लच फटकन सोडला की मी दोन गचके देऊन बंद पडायची. मध्येच मी खाली उतरून बोनेटसमोरून म्हातारी होऊन जायची, चेंडूमागे धावणारं पोर व्हायची, उलट्या बाजूने येणारा सायकलवाला व्हायची. आठवडाभरापूर्वी ज्यांच्यासमोर मला घाम फुटायचा, त्यांच्या गाडीपुढे मी मुद्दाम हळू चालत होते आणि त्या निमूट थांबत होत्या. अशी मजा मला आयुष्यात आली नव्हती.

बाई शिकायला लागल्या की शिकतात, हे मात्र सांगायला हवं. घरी त्या जेवणाच्या खुर्चीत बसून अभ्यास करायच्या. पायाशी तीन चपला, क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर. हातात वरणाची पळी, तो गिअर. आणि मी तिथे नसायचे म्हणून आवाज त्या स्वतःच काढायच्या. हे त्यांनी आम्हाला अगदी सरळ चेहऱ्याने सांगितलं. बाबा खोकला आल्यासारखं करून गाडीबाहेर जाऊन आले.

मग बाबांनी उताराचा कोरडा तास सुरू केला. मी आणि वॉचमनकाका गाडी ढकलत आवाराच्या वरच्या टोकाला नेणार, बाबा त्यांच्या ब्रेकवर पाय ठेवून शेजारी बसणार, आणि बाई न्यूट्रलमध्ये गाडी सोडून खाली खडूने आखलेल्या रेषेवर आणून उभी करणार. स्टिअरिंगचं लॉक कधीच मोडलंय, त्यामुळे किल्लीशिवायही ते फिरतं, पण जड; आणि इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा लागतो. बाबा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. ब्रेक एकदाच दाबायचा, पूर्ण, आणि मग सोडायचा नाही. दाब-सोड करायची नाही. सुरुवातीला बाई रेषेच्या पुढे छापखान्याच्या भिंतीपर्यंत जायच्या आणि भिंतीला सॉरी म्हणायच्या. पुढे पुढे गाडीची नाकपुडी आणि रेष यांच्यात पट्टीसुद्धा मावेना. डोळे मिटणं कधी थांबलं, ते त्यांनाही कळलं नाही. जी गाडी आवाजच करत नाही तिला किती दिवस घाबरणार?

टेस्टच्या दिवशी पेट्रोल पुन्हा वाढलं. सकाळीच. पंपावर गर्दी झालेली, रांग चौकापर्यंत. आई निघताना म्हणाली होती, आज तरी नीट भरा. बाबांनी रांग बघितली, काटा बघितला आणि म्हणाले, जाऊन-येऊन पुरेल. काटा तांबड्या रेषेवर निवांत आडवा पडला होता. त्याला आम्ही तसंच ओळखतो, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही.

लायसन्स ऑफिसमागे टेस्टचं मैदान आहे. पांढऱ्या पट्ट्या आखलेल्या, चार वळणं, मागे घेऊन गाडी लावायची एक चौकट, आणि शेवटी मातीचा एक उंचवटा. त्यावर अर्ध्यात थांबायचं, गाडी मागे जाऊ द्यायची नाही, मग वर चढून पलीकडे उतरायचं आणि रेषेवर उभं राहायचं. रांग मोठी होती. बाईंचे हात गार पडले होते म्हणून बाबांनी त्यांना बाहेरच्या रस्त्यावर दोन चकरा मारून आणल्या. परत येऊन गाडी रांगेत लावली, इंजिन बंद केलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. मी ती कंपासपेटीत टाकली. दोघांनीही हे केलं जसं आपण श्वास घेतो. रांग सरकली की आम्ही गाडी ढकलूनच पुढे न्यायचो.

मामाही आला होता. बरोबर गोदामातली जाड दोरी घेऊन. मागच्या सीटवर किती उशा बसतील ते वाकून बघत होता.

टेस्ट घेणारे साहेब उंच आणि कंटाळलेले होते. पेट्रोलच्या पायी तेही सायकलवरून यायला लागले असावेत. पँटचा पाय चेनमध्ये जाऊ नये म्हणून लावलेला कपड्यांचा चिमटा काढायचा राहिला होता. समोरच्याचं तोंड ते बघतच नव्हते, फक्त पाय बघत होते. ते बाईंच्या शेजारी बसले आणि म्हणाले, करा सुरू. बाबा, मी आणि मामा पांढऱ्या रेषेबाहेर, कठड्याशी उभे होतो. रेषेच्या आत येणाऱ्याची टेस्ट रद्द, असा फलक होता.

बाईंनी सीट पुढे घेतली. आरसा नीट केला. पट्टा लावला. मान वळवून मागे बघितलं. क्लच पूर्ण दाबला, पहिला गिअर टाकला. सगळं असं सुंदर की बाबांनी माझा खांदा दाबला.

मग उघड्या काचेतून स्पष्ट आवाज आला. “घर्रर्रर्र.”

गाडी जागची हलली नाही. बाईंनी जरा जोर लावला. “घर्रर्रऽऽ.”

साहेबांनी त्या दिवसात पहिल्यांदा कुणाच्या तरी पायांवरून नजर वर नेली असेल. “बाई,” ते म्हणाले, “तुम्हाला बरं वाटतंय ना?”

माझ्या हातातल्या कंपासपेटीत काहीतरी खुळखुळलं. बाबांनी पेटीकडे बघितलं, मी बाबांकडे बघितलं. बाबांचा चेहरा असा झाला की मामाने दोरी दुसऱ्या हातात घेतली. बाबा आत जाऊ शकत नव्हते. शिकवणारा आत गेला तर गेलंच सगळं. आणि रांगेतले यच्चयावत लोक आता आमच्या गाडीकडे बघत होते.

मागच्या वर्षी मी तिथेच उभी राहिले असते. यंदा मी रेषेशी गेले, चपला रेषेच्या अगदी बाहेर ठेवल्या आणि मैदानाच्या पलीकडच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, साहेब, आत येते, किल्ली माझ्याकडे आहे. शेजारच्या पट्टीवर ट्रकची टेस्ट चालू होती. तो ट्रक थांबला.

साहेबांनी हाताने बोलावलं. मी किल्ली धरून चालत गेले.

“तू कोण?” त्यांनी विचारलं.

आता खरं ते सांगायला हवं होतं, आणि पटकन. “मी इंजिन आहे,” मी म्हटलं.

साहेबांनी बाईंकडे बघितलं. बाई समोर रस्त्याकडे बघत होत्या, दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाठ ताठ. “खरं आहे ते,” त्या म्हणाल्या. “चांगलं इंजिन आहे.”

साहेबांनी किल्ली घेतली, बाईंच्या हातात ठेवली आणि मला परत जायला सांगितलं. मग म्हणाले, सुरू करा.

कठड्याकडे चालत येताना मला एकदम आठवलं. बाईंनी आयुष्यात कधी गाडी सुरू केलेली नव्हती. आम्हीच करू दिली नव्हती. बाबांनाही ते त्याच क्षणी आठवलं असावं, कारण त्यांचा उजवा हात हवेतच किल्ली फिरवत होता.

पण मोठ्या बाईंचं सगळं आयुष्य किल्ल्यांत गेलंय. ऑफिसचं कपाट, प्रयोगशाळा, घंटेची खोली, सगळ्यांचा जुडगा त्यांच्या कमरेला. ऑफिसचं कपाट तर असं हट्टी आहे की शिपाईमामांनाही उघडत नाही, त्यांच्या हाताला मात्र उघडतं. त्यांनी किल्ली आत घातली, जरा आत दाबली, फिरवली, आणि काम झाल्याबरोबर सोडली. इंजिन सुरू झालं. क्लच त्यांनी मघापासून दाबूनच धरलेला होता, त्यामुळे गचकासुद्धा बसला नाही.

पुढचं मी बघण्यापेक्षा ऐकलंच जास्त. वळणांवर दुसरा गिअर, आवाज बरोबर. चौकटीत मागे जाताना उलटा गिअर, बरोबर. बाबा पुटपुटत होते, आरसा, आरसा, शाब्बास. ट्रक पुन्हा सुरू झाला आणि घणघणायला लागला. बाई उंचवट्यावर चढल्या, अर्ध्यात थांबल्या, गाडी बोटभरही मागे सरकली नाही, पुन्हा निघाल्या. अगदी माथ्यावर पोचल्या आणि मी बाबांचा दंड धरला.

त्या ट्रकच्या गोंगाटातही मला कळलं. मी इतके दिवस इंजिन होते. इंजिन मेलेलं मला कळणार नाही? दोनदा खोकलं आणि गेलं. पेट्रोल संपलं होतं.

बाबा म्हणाले, गेलं. मामाने दोरीची गाठ सोडली.

आणि गाडी उंचवट्याच्या पलीकडच्या अंगाने उतरायला लागली. सरळ. बाईंचे हात जड स्टिअरिंगवर घट्ट, मान ताठ, डोळे उघडे. बाबा पुटपुटत होते, एकदाच, एकदाच, सोडू नका. रेष जवळ आली. बाईंनी ब्रेक एकदाच दाबला, पूर्ण, आणि सोडला नाही. गाडी रेषेवर उभी राहिली. मध्ये पट्टीसुद्धा मावली नसती. शेजारचा ट्रकही थांबला होता, त्यामुळे हँडब्रेक ओढल्याचा आवाज कठड्यापर्यंत आला.

साहेब कागदावर खुणा करत होते. मान वर न करता म्हणाले, “गाडी बंद करा.”

“बंदच आहे,” बाई म्हणाल्या.

“कधीपासून?”

“वरपासून.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग वाकून काटा बघितला. मग किल्ली फिरवून बघितली. मग मागे वळून उंचवट्याकडे बघितलं, जणू तिथे कुणी उभं राहून साक्ष देणार होतं. ते म्हणाले की इंजिन बंद पडलं की लोक स्टिअरिंग सोडून कान धरतात. इतक्या वर्षांत एकही माणूस न बावरता रेषेवर आला नव्हता. तुम्हाला काही वाटलं कसं नाही?

“काय वाटायचं?” बाईंनी विचारलं. “गाडी बहुतेक वेळा बंदच असते ना?”

साहेबांनी कागद वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला. रेषा, इशारे, ताबा, थांबणं. पेट्रोल किती असावं असा रकाना त्यात नव्हता. त्यांनी सही केली आणि त्या दिवशी पहिल्यांदाच हसले. मग खाली उतरून चिमट्याचा पाय सावरत गाडीच्या मागे गेले, कारण पुढच्या माणसाची टेस्ट घ्यायला ती तिथून हलवणं भाग होतं.

आम्ही ती मैदानाबाहेर ढकलत नेली. बाई स्टिअरिंगवर, मागे बाबा, साहेब, मी आणि मामा. मामाला दोरीचा उपयोग झाला नाही, पण खांद्याचा झाला. ढकलता ढकलता तो धापा टाकत म्हणाला, “भाऊजी, आता पेट्रोल तरी भरा हो.”

गेटबाहेर बाई उतरल्या आणि दाराला वळसा घालून त्या शेवटच्या ओळीसमोर उभ्या राहिल्या. कुणी लिहिलं हे, त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, रंगाऱ्याने. बाई म्हणाल्या की ‘कधीही’ हा शब्द त्या शाळेत फक्त उशिरा येण्याबद्दल वापरतात. बाकी कशाबद्दलही तो भिंतीवर लिहू देत नाहीत, दारावर तर नाहीच. आणि आपले शिक्षक त्या या फीमध्ये शिकायला पाठवणार नाहीत. एवढ्या स्वस्तात शिकलेलं लक्षात राहत नाही.

बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा या विषयावर वाद घातला नाही. समोर मोठ्या बाई असल्यावर कोण घालेल?

दुसऱ्या दिवशी शाळेतून दोन छोटे फळे आले, बालवर्गातले. बाबांनी ते दोन्ही दारांवर, जुना आकडा आणि ते वाक्य झाकेल असे, स्क्रूने बसवले. आता रोज शाळेत जाताना मी पंपावरचा दर वाचते आणि खडूने फळ्यावर त्या दिवसाची फी लिहिते. पेट्रोल वाढलं की फी वाढते. उतरलं की फीही उतरेल, ही बाबांची अट आहे. अजून तशी वेळ आलेली नाही. आईला थिनर आणावं लागलं नाही, त्याचं तिला थोडं वाईट वाटतं.

आता छापखान्यामागे स्टाफरूमची रांग असते. कोरडे तास तसेच चालू आहेत, फक्त कोरड्या तासातच किल्लीचा वेगळा धडा आहे. बाईंच्या ऑफिसचं जुनं कुलूप आम्ही स्टिअरिंगखाली बांधलंय, त्यावर आधी हात बसवायचा. आणि मागच्या सीटवर इंजिन तेच आहे.

काल गणिताच्या सरांचा पहिला तास होता. मागच्या वर्षी हेच सर माझी गैरहजेरी लावायचे. ते गाडीत बसले, पट्टा लावला, क्लच दाबला आणि घामेजलेल्या हाताने गिअर टाकला. मी घुंऽऽ केलं. त्यांनी खूश होऊन पाय उचलला.

“सर,” मी मागून म्हटलं, “हा आवाज तिसऱ्याचा आहे. तुम्हाला पहिला टाकायचा होता. पुन्हा करू या?”

सरांनी क्लच दाबला.